एकच प्रोजेक्ट, तीन ऑपरेटिंग सिस्टिम: प्रोग्रामिंग टूल्सची मेमरी बरोबर कशी मोजावी

‘लिनक्सवर हेच टूल निम्मी रॅम खातं’, ‘मॅकला ८ जीबी पुरते’, ‘विंडोजवर इंटेलिजे (जावासाठीचं एक प्रोग्रामिंग टूल) जड जातं’ अशी विधानं बहुतेक वेळा दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून केली जातात. त्या दोन स्क्रीनशॉटमधला ‘मेमरी’ हा रकाना एकच गोष्ट मोजत नसतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. टास्क मॅनेजर, लिनक्सचं ‘टॉप’ आणि मॅकचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या तिघांची मेमरीची व्याख्या वेगवेगळी आहे. त्यामुळे आधी मापं जुळवायची, मग मोजायचं. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम बदलला, तर सगळी मोजणी पुन्हा करायची वेळ येते.

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते लिहून काढा

एडिटर म्हणजे टूलचा संपूर्ण संच नव्हे. मोजणी सुरू करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: एडिटर किंवा आयडीई (एडिटर, बिल्ड वगैरे एकत्र देणारं टूल), लँग्वेज सर्व्हर (कोड समजून घेऊन चुका आणि सूचना पुरवणारा प्रोग्राम), बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) आणि सोबतीला चालणारं बाकीचं (एम्युलेटर म्हणजे आभासी फोन, कंटेनर म्हणजे वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम, डेटाबेस).

व्हीएस कोड हा एडिटर उघडला की त्यात मुख्य प्रोसेस (चालू प्रोग्रामचा स्वतंत्र भाग), ग्राफिक्सची प्रोसेस, प्रत्येक विंडोची एक, एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) चालवणारा एक्स्टेन्शन होस्ट, फाइल वॉचर आणि टर्मिनल सांभाळणारी प्रोसेस अशा किमान पाच-सहा प्रोसेस दिसतात. टाइपस्क्रिप्ट, पायथॉन, रस्ट किंवा सी प्लस प्लसचा लँग्वेज सर्व्हर आणखी वेगळा असतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एडिटरपेक्षा हा सर्व्हरच जास्त मेमरी धरतो.

अँड्रॉइड स्टुडिओच्या संचात आयडीई, ग्रेडल डीमन (बिल्ड चालवणारी, मागे सुरू राहणारी प्रोसेस), कोटलिन डीमन (कोटलिन भाषेतला कोड कंपाइल करणारी तशीच प्रोसेस) आणि एम्युलेटर हे चार मोठे भाग असतात. आयडीई बंद केली तरी ग्रेडल डीमन मागे राहतो. काही न करता बसलेला डीमन मूळ सेटिंगनुसार ३ तासांनी जातो. ‘सगळं बंद केलं, तरी रॅम भरलेलीच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

सावधान: काही जोड्या तुलनेत घेऊच नका. व्हिज्युअल स्टुडिओ (व्हीएस कोड नव्हे) फक्त विंडोजवर चालतो. मॅकसाठीची त्याची वेगळी आवृत्ती ३१ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाली. एक्सकोड फक्त मॅकवर चालतो. या दोघांची एकमेकांशी तुलना केली तर ती दोन वेगळ्या टूल्सची होते, ऑपरेटिंग सिस्टिमची होत नाही.

## टप्पा २: तिन्ही मशीन एका पातळीवर आणा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्या.

१. टूलची आवृत्ती तिन्हीकडे शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी ठेवा. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होणं बंद करा.

२. प्रोजेक्टचा गिटमधला कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) तोच घ्या आणि डिपेंडन्सी (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइलवरूनच बसवा.

३. व्हीएस कोड रिकामा यूजर-डेटा फोल्डर आणि रिकामा एक्स्टेन्शन फोल्डर देऊन सुरू करा. मग लागणारी दोन-तीन एक्स्टेन्शनच बसवा. रोजच्या वापरातल्या प्रोफाइलवर मोजलेला आकडा त्या माणसाच्या सवयी सांगतो. टूलबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

४. जावावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसची हीप (प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी) मर्यादा, म्हणजे ‘एक्सएमएक्स’, स्वतः लिहून द्या. ही मर्यादा दिली नाही तर जावा मशीनच्या एकूण रॅमचा चौथा हिस्सा कमाल हीप धरते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती २ जीबी होते, ३२ जीबीच्या मॅकवर ८ जीबी. मग मॅकवर तोच प्रोग्राम जास्त मेमरी घेताना दिसतो आणि दोष मॅकओएसवर जातो.

५. समांतर बिल्डच्या कामांची संख्या तिन्हीकडे सारखी ठेवा. निन्जा किंवा कार्गो (रस्टचं) ही बिल्डची टूल्स ही संख्या प्रोसेसरच्या कोअरवरून ठरवतात. १२ कोअरच्या मशीनवर साधारण १२ कंपायलर एकाच वेळी चालतील आणि ४ कोअरवर ४. मेमरीही त्याच प्रमाणात वाढते.

६. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘काइंड’ हा रकाना सुरू करा. एम मालिकेच्या मॅकवर टूलपुढे ‘इंटेल’ दिसलं, तर ते रोझेटातून (इंटेलसाठीचे प्रोग्राम चालवणारी मॅकची सोय) भाषांतरित होऊन चालतं आहे. त्याचा आकडा फेकून द्या आणि ‘अ‍ॅपल’ आवृत्ती बसवा.

तपासा: मशीन नव्याने सुरू केल्यावर १० मिनिटं काही करू नका. मॅकवर स्पॉटलाइट आणि लिनक्सच्या ग्नोममध्ये फाइल-इंडेक्सर नव्या प्रोजेक्टच्या हजारो फाइली वाचत असतात, आणि विंडोजवर डिफेंडर त्या तपासत असतो. प्रोसेसरचा वापर खाली येऊन स्थिर झाला की पुढे जा.

## टप्पा ३: प्रत्येक सिस्टिमवर योग्य रकाना निवडा

विंडोज. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरचा ‘मेमरी’ रकाना म्हणजे प्रायव्हेट वर्किंग सेट, म्हणजे त्या प्रोसेसची स्वतःची आणि या क्षणी रॅममध्ये असलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे). कॉम्प्रेस झालेली किंवा पेजफाइलमध्ये (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) गेलेली पानं त्यात नसतात. त्यामुळे रॅम अपुरी पडली की हा आकडा कमी होतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की टूल हलकं झालं. ‘डिटेल्स’ टॅबवर जा, रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करा आणि ‘कमिट साइझ’, ‘पीक वर्किंग सेट’ आणि ‘कमांड लाइन’ हे तीन रकाने जोडा. कमिट साइझ म्हणजे सिस्टिमने त्या प्रोसेसला देण्याचं कबूल केलेली मेमरी, मग ती अजून वापरली नसली तरी. वर्किंग सेट ही खालची हद्द आणि कमिट ही वरची. दोन्ही लिहा.

लिनक्स. ‘टॉप’मधला ‘व्हर्ट’ रकाना पूर्ण दुर्लक्षित करा. व्हीएस कोडसारख्या इलेक्ट्रॉन या वेब तंत्रज्ञानाच्या चौकटीवर बनलेल्या टूलमध्ये तो टेराबाइटमध्ये दिसू शकतो, कारण तो केवळ राखून ठेवलेला पत्ता असतो. ‘रेस’, म्हणजे आरएसएस (प्रोसेसची रॅममध्ये असलेली सगळी मेमरी, वाटून घेतलेलीही), एका प्रोसेससाठी ठीक आहे. बेरजेसाठी तो चुकीचा ठरतो.

उदाहरण घ्या. तीन प्रोसेस १२० एमबीची एकच लायब्ररी वाटून वापरतात आणि त्यांची स्वतःची मेमरी ८०, १५० आणि २०० एमबी आहे. आरएसएस अनुक्रमे २००, २७० आणि ३२० दिसेल, बेरीज ७९०. प्रत्यक्षात रॅममध्ये ४३० अधिक १२० म्हणजे ५५० एमबीच आहेत. लायब्ररी तीनदा मोजली गेली. पीएसएस हा आकडा वाटून घेतलेला भाग भागीदारांमध्ये विभागतो. तो १२०, १९० आणि २४० दाखवेल, बेरीज ५५०. म्हणून लिनक्सवर ‘एसमेम’ हे टूल बसवा आणि पीएसएस अधिक स्वॅप (रॅममधून डिस्कवर हलवलेली मेमरी) हा आकडा घ्या. एसमेम नसेल, तर प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेस क्रमांकाखालच्या ‘स्मॅप्स रोलअप’ फाइलमध्ये हे आकडे मिळतात. ती फाइल लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.१४ पासून आहे.

मॅकओएस. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरचा ‘मेमरी’ रकाना फूटप्रिंट दाखवतो. कॉम्प्रेस झालेली आणि स्वॅपमध्ये गेलेली पानंही त्यात मोजली जातात. ‘रिअल मेमरी’ हा वेगळा रकाना आरएसएसच्या जवळचा आहे. विंडोजचा पहिला रकाना कॉम्प्रेस झालेलं वगळतो आणि मॅकचा ते धरतो, हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धे वाद मिटतील. टर्मिनलमध्ये ‘फूटप्रिंट’ कमांडला एकापेक्षा जास्त प्रोसेस दिल्या, तर वाटून घेतलेला भाग दोनदा न मोजता एकूण आकडा मिळतो.

तुलनेसाठी जवळची जोडी अशी: मॅकवर फूटप्रिंट, लिनक्सवर पीएसएस अधिक स्वॅप, आणि विंडोजवर भरपूर रॅम मोकळी असताना घेतलेला प्रायव्हेट वर्किंग सेट. ही मापं तंतोतंत एक नाहीत, उदाहरणार्थ पीएसएसमध्ये फाइलवरून आलेली पानंही येतात. त्यामुळे ५ ते १० टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

सावधान: जावाची हीप सुरुवातीलाच २ जीबी मागितली (‘एक्सएमएस’ २ जीबी), तर विंडोजवर कमिट साइझ लगेच २ जीबीच्या वर जाते. वर्किंग सेट मात्र काहीशे एमबीच राहतो. लिनक्सवर आरएसएसही काहीशे एमबी दिसतो, कारण हात न लागलेली पानं त्यात धरली जात नाहीत. कमिटची आरएसएसशी तुलना केली की विंडोज विनाकारण दुप्पट-तिप्पट जड ठरते.

## टप्पा ४: प्रोसेसचं पूर्ण झाड पकडा

व्हीएस कोडमध्ये ‘हेल्प’ मेनूतून प्रोसेस एक्सप्लोरर उघडा. त्यातून कोणती प्रोसेस कशासाठी आहे ते समजतं. त्याचा उपयोग यादीपुरताच करा. आकडे टप्पा ३ मधल्या साधनांतूनच घ्या.

जावाच्या प्रोसेस ओळखणं किचकट असतं, कारण आयडीईखेरीज बाकी सगळ्या ‘जावा’ याच नावाने दिसतात. जेडीकेसोबत (जावाचा डेव्हलपमेंट संच) येणारं ‘जेपीएस’ हे टूल ‘एल’ आणि ‘व्ही’ पर्यायांसह चालवा. प्रत्येक जावा प्रोसेसचा मुख्य क्लास आणि तिला दिलेली हीप मर्यादा समोर येते. विंडोजवर आधी जोडलेला ‘कमांड लाइन’ रकाना हेच काम करतो.

डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) आणि डॉकर (कंटेनर चालवणारं टूल) यांची बेरीज हमखास चुकते. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ हे आभासी मशीन असतं. त्याच्या आतली प्रत्येक गोष्ट टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ने सुरू होणाऱ्या एकाच नावाखाली दिसते. या मशीनची मूळ कमाल मर्यादा मशीनच्या रॅमच्या ५० टक्के असते. आतल्या लिनक्सने फाइली वाचून भरलेली कॅशही त्यातच मोजली जाते, म्हणून मोठा प्रोजेक्ट एकदा बिल्ड केला की हा आकडा फुगतो आणि लवकर उतरत नाही. मॅकवर डॉकर डेस्कटॉपही आभासी मशीनच चालवतो. थेट लिनक्सवर डॉकर इंजिन वापरलं, तर कंटेनर साध्या प्रोसेससारखेच असतात आणि मधलं मशीन नसतं. म्हणून दोन आकडे वेगळे लिहा: कंटेनरच्या आत मोजलेला आणि यजमान सिस्टिमवर दिसणारा. टूलची तुलना पहिल्यावरून करा, रॅम किती विकत घ्यायची हे दुसऱ्यावरून ठरवा.

तपासा: मोजणीआधी डब्ल्यूएसएल ‘शटडाउन’ पर्यायाने पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नाहीतर कालच्या बिल्डची कॅश आजच्या आकड्यात येते.

## टप्पा ५: पाच ठरलेल्या क्षणी आकडे घ्या

एकच आकडा घेतला तर टूलचा स्वभाव कळत नाही. पुढचे क्षण ठेवा:

- टूल रिकामं उघडून २ मिनिटांनी
- प्रोजेक्ट उघडून इंडेक्सिंग पूर्ण झाल्यावर
- ठरलेल्या पाच फाइली उघडून, एका ठिकाणचं नाव प्रोजेक्टभर बदलून
- पूर्ण, स्वच्छ बिल्ड चालू असताना (हे टप्पा ६ मध्ये)
- बिल्ड संपून १० मिनिटांनी

दुसऱ्या क्षणी घाई होते. इंटेलिजेमध्ये खालच्या पट्टीवरची इंडेक्सिंगची रेघ जाईपर्यंत थांबा. रस्टचा लँग्वेज सर्व्हरही पहिल्यांदा सगळे क्रेट (रस्टची पॅकेजेस) तपासत बसतो. ते अर्धवट असताना घेतलेला आकडा कधी कमी, कधी जास्त येतो आणि दोन्ही वेळा फसवतो.

शेवटच्या क्षणाचा आकडा लिनक्सवर कधी कधी अपेक्षेपेक्षा वर राहतो. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी अनेक थ्रेडच्या (समांतर चालणाऱ्या कामांच्या) प्रोग्राममध्ये मेमरीचे वेगवेगळे साठे बनवते आणि मोकळी झालेली मेमरी सिस्टिमला लगेच परत देत नाही. ती गळती (नको असलेली मेमरी कधीच मोकळी न होणं) असेलच असं नाही. तोच बिल्ड तीनदा करा. आकडा एका पातळीवर थांबला, तर ती गळती नव्हे. प्रत्येक वेळी चढतच गेला, तर गळतीची शंका घ्या.

जावाच्या आयडीईत आणखी एक सापळा आहे. दिलेली हीप जावा सावकाश भरत नेते आणि कचरा (नको झालेला डेटा) साफ करायला उशीर लावते. ‘१.८ जीबी वापरात’ याचा अर्थ १.८ जीबीची गरज आहे असा होत नाही. इंटेलिजेत खालच्या पट्टीवर उजवी क्लिक करून मेमरी इंडिकेटर सुरू करा आणि त्यावर क्लिक करा. साफसफाई होऊन जो आकडा उरतो, तो गरजेच्या जवळचा. हा इंडिकेटर फक्त हीप दाखवतो. क्लासची माहिती, कंपाइल झालेला कोड आणि थ्रेडचे स्टॅक हीपबाहेर असतात, त्यामुळे सिस्टिमचा आकडा नेहमी मोठाच येणार.

## टप्पा ६: बिल्डचं शिखर पकडा

लिनक्सवर पुष्कळ जण ‘टाइम’ कमांड ‘व्ही’ पर्यायासह चालवतात आणि ‘मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ’ लिहून घेतात. तो आकडा संपूर्ण बिल्डचा नसतो, त्यातल्या सर्वांत मोठ्या एका प्रोसेसचा असतो. आठ कंपायलर प्रत्येकी ६०० एमबी घेत असतील, तर तिथे ६०० एमबीच दिसतील, प्रत्यक्ष गरज मात्र साधारण ४.८ जीबी. शिवाय हा आकडा लिनक्सवर किलोबाइटमध्ये आणि मॅकच्या ‘टाइम’मध्ये (‘एल’ पर्यायासह) बाइटमध्ये येतो. एकक न पाहता तक्त्यात उतरवला की हजारपट फरक पडतो.

योग्य पद्धती अशा:

लिनक्स: बिल्ड ‘सिस्टिमडी-रन’ कमांडमधून यूजर स्कोपमध्ये चालवा, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेस एका सीग्रुपमध्ये (कर्नल एकत्र मोजतो असा प्रोसेसचा गट) येतात. त्या सीग्रुपच्या ‘मेमरी डॉट स्टॅट’ फाइलमधली ‘अ‍ॅनॉन’ ही ओळ (फाइलींवरून न आलेली मेमरी) दर सेकंदाला नोंदवा. ‘मेमरी डॉट पीक’ हा तयार आकडा फक्त वरची हद्द म्हणून ठेवा, कारण त्यात फाइलींची कॅशही येते.

विंडोज: परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘वर्किंग सेट - प्रायव्हेट’ आणि ‘प्रायव्हेट बाइट्स’ हे काउंटर १ सेकंदाच्या अंतराने नोंदवा. एकाच नावाच्या अनेक प्रोसेसना तिथे क्रमांक लागतात, आणि मधली एक संपली की क्रमांक सरकतात. म्हणून प्रत्येक ओळीसोबत प्रोसेस आयडीही घ्या. ‘पीक वर्किंग सेट’ची बेरीज करू नका. प्रत्येक प्रोसेसचं शिखर वेगळ्या वेळी येतं.

मॅकओएस: ‘टॉप’ नोंदीच्या पद्धतीत, १ सेकंदाच्या अंतराने, प्रोसेस आयडी, नाव आणि मेमरी हे तीनच रकाने मागवून फाइलमध्ये साठवा.

सी प्लस प्लस आणि रस्टमध्ये शिखर बहुतेकदा शेवटी, लिंकिंगच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवण्याच्या) वेळी येतं. बिल्ड ९५ टक्क्यांवर पोहोचून मशीन गोठत असेल, तर समांतर लिंकिंगची संख्या १ किंवा २ करा. कंपाइलची संख्या तशीच राहू द्या.

## टप्पा ७: कमी रॅममध्ये ताण देऊन पाहा

मोकळ्या मशीनवरचा आकडा गरज सांगतो. टूल कमी रॅममध्ये कसं वागतं ते वेगळं तपासावं लागतं.

लिनक्सवर ‘सिस्टिमडी-रन’लाच ‘मेमरीमॅक्स’ची मर्यादा द्या. विंडोजवर ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट टॅबमधल्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ने रॅम मर्यादित करता येते. चाचणी झाल्यावर ती खूण काढायला विसरू नका. ती तशीच राहिली की लोक महिनोन्‌महिने अर्ध्या रॅमवर काम करतात. मॅकवर प्रशासक अधिकाराने ‘मेमरी प्रेशर’ कमांड ताणाचं अनुकरण करते.

ताण ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमधले ‘हार्ड फॉल्ट्स’ (डिस्कवरून पानं परत आणावी लागणं) सतत शेकड्यांनी येत राहणं. लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट’चे ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून येणारी आणि स्वॅपमध्ये जाणारी मेमरी) हे रकाने शून्यावर न राहणं. मॅकवर मेमरी प्रेशरचा आलेख पिवळा किंवा लाल होणं. मॅकवर थोडा स्वॅप वापरला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. रंग हिरवा असेल तर काळजी करू नका.

शेवटचा बिघाडही प्रत्येकाचा निराळा. विंडोजवर रॅम आणि पेजफाइल मिळून होणारी कमिट मर्यादा संपली की मेमरीची मागणीच नाकारली जाते आणि कंपायलर त्रुटी देऊन थांबतो. लिनक्सवर कर्नल किंवा ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ (मेमरी संपत आली की प्रोसेस बंद करणारी सेवा) एखादी प्रोसेस थेट मारतो. ग्रेडल डीमन अचानक नाहीसा झाल्याचा संदेश आला, तर आधी सिस्टिमच्या लॉगमध्ये हे शोधा, बिल्ड फाइल मागाहून.

## टप्पा ८: आकड्यांवरून रॅम ठरवा

एका ओळीत एक क्षण, आणि प्रत्येक सिस्टिमसाठी तीन फेऱ्यांतला मधला आकडा, असा तक्ता करा. सरासरी घेऊ नका. एका फेरीत अपडेट चालू झालं की सरासरी बिघडते. टास्क मॅनेजर १०२४ च्या पटीतल्या एककाला ‘एमबी’ म्हणतो, लिनक्सची काही टूल्स १००० च्या पटीत दाखवतात. जीबीच्या पातळीवर हा फरक सुमारे ७ टक्के होतो, म्हणून तक्त्यात सगळं एकाच एककात आणा.

अँड्रॉइड स्टुडिओच्या मर्यादांची बेरीज करून पाहा. आयडीईची हीप २ जीबी, ग्रेडल डीमनला दिलेली २ जीबी, आणि कोटलिन डीमनला वेगळी मर्यादा दिली नसेल तर तो ग्रेडलचीच घेतो, म्हणजे आणखी २ जीबी. एम्युलेटरला २ जीबी. एकूण ८ जीबी झाले, त्यात हीपबाहेरची मेमरी, ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम अजून धरलेली नाही. बिल्ड हळू चालतो म्हणून ग्रेडलची मर्यादा ४ जीबी केली, तर कोटलिन डीमनचीही ४ जीबी होते आणि ही बेरीज १२ जीबीवर जाते. ८ जीबीच्या मशीनवर तिन्हीपैकी कोणतीही सिस्टिम घातली तरी हे बसणार नाही. तिथे ग्रेडलला १.५ जीबी, कोटलिनला स्वतंत्र १ जीबी आणि एम्युलेटरऐवजी केबलने जोडलेला खरा फोन, ही मांडणी चालते.

रॅम ठरवताना बिल्डचं शिखर, उघडं राहणारं बाकीचं सगळं (ब्राउझरसह, प्रत्यक्ष मोजून) आणि त्यावर २० टक्के मोकळी जागा, अशी बेरीज धरा. एम मालिकेच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तिथे पुढच्या मापाकडे जा. ज्या लॅपटॉपमध्ये रॅमचा एक खाचा मोकळा आहे, तिथे आधी मोजा, महिनाभर वापरा आणि मग दुसरी पट्टी घ्या.